भाऊच्या जहाजाचा डेक

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने मी घरातली कपाटं आवरण्यात घालवले. तिसऱ्या महिन्यात आवरायला काही उरलं नाही, तेव्हा माळ्यावरून एक खोकं खाली काढलं. त्यात सुट्या भागांचं प्लास्टिकचं विमान होतं. माझा मुलगा शाळेत असताना त्याच्या मामानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, वाढदिवसाला दिलेलं. मुलानं त्याला हातसुद्धा लावला नव्हता. तो आता बंगळूरला असतो. फोनवर विचारलं तर म्हणाला, "आई, तूच जोड ना. तुझा हात चांगला आहे."

हात चांगला होता तो नोकरीमुळे. मी एका सरकारी कार्यालयात ट्रेसर होते. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं नकाशा काढत आणि मी तो ट्रेसिंग कागदावर शाईनं उतरवत असे. कालवे, पूल, पाण्याच्या टाक्या. रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची लागायची, जरा थरथरली की कागद पुन्हा. संगणक आले आणि ते काम संपलं. शेवटची वर्षं मी फायली लावत बसले. बोटं मात्र काही विसरली नव्हती. यजमान दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून घरात मी एकटीच, त्यामुळे जेवणाचं टेबल अडवलं तरी कुरकुर करायला कोणी नव्हतं. वर्तमानपत्र पसरून मी ते विमान तीन आठवड्यांत जोडलं. नौदलाचं जुन्या काळातलं विमान, पंख वर दुमडता येणारं.

भाऊ दर गुरुवारी सकाळी माझ्याकडे यायचा, मानेवाड्याहून प्रतापनगरला, स्कूटरवर. वय अडुसष्ट, पण स्कूटर सोडायला तयार नाही. आमचे वडील काटोलला तहसील कचेरीत कारकून होते. घरात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. अशा घरातून हा नौदलात गेला. पंधरा वर्षं तिथे काढली, त्यातली बरीच एका विमानवाहू जहाजावर. मग परत येऊन नागपुरातच एका बँकेत लागला. समुद्राबद्दल आम्ही विचारलं की म्हणायचा, "पाणीच पाणी, दुसरं काय?" एवढ्यावर विषय संपायचा.

त्याची एक सवय मात्र घरात सगळ्यांना माहीत होती. कडी लावली की तो ती ओढून बघायचा. एकदा, दोनदा, तीनदा. गॅसचं बटण, स्कूटरचं कुलूप, माझ्या फाटकाचा अडसर. वहिनी सगळ्यांना सांगायची, "यांच्यासोबत लग्नाले निघालो का अक्षता संपल्यावर पोचतो." भाऊसुद्धा हसायचा.

विमान पूर्ण झालं त्या गुरुवारी त्यानं ते तळहातावर घेतलं, खालून चाकं पाहिली, पंख दुमडून पाहिले आणि टेबलावर ठेवलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "पण हे असं काहून उभं आहे बिचाऱ्यासारखं? याले जहाज नाई का?"

"जहाज कुठून आणू मी?"

"अख्खं जहाज नको करू वं. डेकचा तुकडा कर. हे उभं राहीन तेवढा."

डेक म्हणजे जहाजाचं सपाट छत, ज्यावर विमानं उतरतात आणि उभी राहतात. भाऊनं माझ्याकडून कागद मागून घेतला आणि पेन्सिलीनं काढून दाखवला. इथे विमान खालच्या मजल्यावर नेणारी लिफ्ट, इथे कडेची जाळी, इथून पांढरी रेघ. त्याचं चित्र वाकडंतिकडं होतं, पण प्रत्येक गोष्ट कुठे आहे हे त्याला विचार न करता सांगता येत होतं. अडतीस वर्षांपूर्वी सोडलेलं जहाज, आणि तो मला ते स्वयंपाकघर दाखवावं तसं दाखवत होता.

सदरमधल्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून मी रंग आणले, सुताराकडून प्लायवूडचा तुकडा कापून आणला. त्यावर बारीक काळा पॉलिश पेपर चिकटवला, कारण डेक खरखरीत असतो, ओला झाला तरी पाय घसरू नये म्हणून. वरून करडा रंग दिला. दोन हात, अगदी एकसारखे. मला वाटलं, भाऊ खूश होईल.

त्यानं चष्मा लावून पाहिलं. "ही तर धंतोलीतल्या दवाखान्याची फरशी झाली."

"म्हणजे?"

"डेक इतका स्वच्छ कुठं राहते! तेल सांडते. टायर घासते. मागून इंजिनाचा धूर मारते. खाऱ्या पाण्यानं पांढरे ओघळ येते. खराब कर त्याले."

आयुष्यभर डाग पडू न देण्याची नोकरी केलेल्या बाईला हे सोपं नव्हतं. मी पेन्सिलीचं शिसं ब्लेडनं खरवडून त्याची पूड बोटानं चोळली, तेव्हा टायरचे पट्टे उमटले. काळ्या खडूची पूड ब्रशनं हलकेच उडवली, तो धूर झाला. पांढरा रंग खूप पातळ करून कडेनं ओघळू दिला. प्रत्येक गुरुवारी भाऊ नवीन काहीतरी सांगायचा. जॅकेटांच्या रंगांवरून कोण काय काम करतं ते ओळखायचं, वाऱ्यात ओरडून काही ऐकू येत नाही म्हणून हातांनी बोलायचं. त्याचं जॅकेट निळं होतं. विमान ढकलणं, जागेवर लावणं, चाकाला ठोकळे लावणं आणि साखळ्यांनी बांधणं, हे निळ्यांचं काम. मी दोन छोट्या माणसांना निळी जॅकेटं रंगवली. वहिनीचा फोन आला, "काय जादू केली वं तू? हे घरी येऊन मले जहाज शिकवून राहिले!"

डेकवर ठिकठिकाणी वाटीएवढे खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात आडवी पोलादी दांडी. विमान उभं केलं की चाकांच्या दांड्यांपासून साखळ्या घ्यायच्या आणि त्यांचे हूक या खळग्यांतल्या दांड्यांत अडकवायचे. नाहीतर जहाज डोललं की विमान चालायला लागेल. हे खळगे एकमेकांपासून किती अंतरावर होते, असं मी भाऊला विचारलं. तो म्हणाला, "असन दोन-अडीच हात." ट्रेसरला असलं उत्तर चालत नाही. मॉडेल बनवणाऱ्या लोकांचा एक गट मला मुलानं मोबाइलवर जोडून दिला होता. तिथे मी जहाजाचं नाव घालून प्रश्न टाकला, की या डेकवरच्या बांधणीच्या खळग्यांची नेमकी जागा कोणाला माहीत आहे का. तीन आठवडे कोणी काही बोललं नाही. मग मी भाऊच्या अडीच हातांवर विश्वास ठेवून बारीक गिरमिटानं खळगे पाडले आणि त्यांत विजेच्या तारेतली एकेक तांब्याची काडी आडवी बसवली.

साखळ्या राहिल्या होत्या. इतवारीत खोट्या दागिन्यांच्या दुकानात केसासारखी बारीक साखळी मिळाली. तिचे आठ तुकडे करून, काळे रंगवून, चिमट्यानं मी विमान बांधलं. बुधवारी संध्याकाळी ते काम संपलं. कधी एकदा भाऊ येतो असं मला झालं होतं.

तो आला, चहाचा कप घेऊन टेबलापाशी वाकला. डाव्या चाकाच्या मागच्या साखळीपाशी त्याचं बोट थांबलं. त्यानं ती हलवली नाही, नुसतं बोट तिथे ठेवलं.

"हे कधी लावलं?"

"काल. का, चुकलं का काही?"

"नाई. बरोबर आहे."

तो सरळ झाला. अर्धा चहा तसाच ठेवून निघाला. मी खिडकीतून पाहत होते. फाटकाचा अडसर त्यानं लावला आणि ओढून पाहिला. पुन्हा ओढला. मी सात वेळा मोजलं. पुढच्या गुरुवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणाला, "गुडघा दुखून राहिला."

तिसऱ्या आठवड्यात मी रिक्षा करून मानेवाड्याला गेले. वहिनीनं दार उघडलं आणि हळूच म्हणाली, "गुडघ्याले काही नाई झालं त्यांच्या. जेवत नाई धड. मले सांगत नाई, तूच विचार." भाऊ मागच्या अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. मी समोर पाटावर बसले आणि मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

निम्म्या शेंगा सोलून झाल्या. मग तो आपणहून बोलायला लागला.

"पावसाळ्याचे दिवस होते. दुपारचे तीन वाजले असन. समुद्र खवळला होता. लिफ्टच्या बाजूले एक विमान उभं करायचं होतं. मी आन माझा सोबती. आम्ही दोघं एकाच बॅचचे. तो बिलासपूरकडचा, मी इकडचा, म्हणून जमत होतं. साखळ्या मी लावल्या. त्यानं ठोकळे पाहाले पंखाखाली डोकं घातलं. तेवढ्यात जहाज एका अंगावर गेलं. मोठा आवाज झाला आन विमानाचं शेपूट फिरलं. डाव्या अंगाची मागची साखळी सुटली होती. चाक त्याच्या पायावरून गेलं."

मी शेंग हातात धरून बसले होते.

"ती साखळी मी लावली होती," भाऊ म्हणाला. "हूक अडकवल्यावर त्याची एक कडी दाबून बंद करा लागते. बंद झाली का 'कट' आवाज होते. हात आठवते मले. हूक आठवते. ओला होता, थंड होता. पण तो कट आवाज आठवत नाई. किती वेळा आठवून पाहिलं असन."

"वाऱ्यात ऐकूच आला नसेल."

"तेच तर! आवाज झाला आन ऐकू नाई आला, का झालाच नाई, हे कसं समजन?"

त्याच्या सोबत्याला हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर नेलं. चौकशी झाली, भाऊला दोन-तीन प्रश्न विचारले. त्यानं सांगितलं की साखळी लावली होती. पुढे काय निघालं ते खालच्या माणसांना कोणी सांगितलं नाही. महिन्याभरात भाऊची बदली किनाऱ्यावरच्या तळावर झाली, आणि ती नेहमीची बदली होती की शिक्षा, हेही त्याला कळलं नाही. पाय कापावा लागला असं कोणाकडून तरी ऐकलं. सोबत्याला नोकरीतून घरी पाठवलं हेही ऐकलं. पत्ता होता त्याच्याकडे. पत्र लिहायला बसायचा आणि पहिल्या ओळीलाच अडायचा. मग वर्षं गेली.

"तुझ्या त्या एवढ्याशा साखळीनं सगळं वर आलं," तो म्हणाला. "तुझी काही चूक नाई वं त्यात."

इतकी वर्षं आम्ही त्याच्या कड्या ओढण्यावर हसत होतो. परत येताना रिक्षात मला स्वतःची लाज वाटत होती. वहिनी दारामागून सगळं ऐकत उभी होती, तिनंही मला निरोप देताना तोंड वर केलं नाही. घरी आल्यावर मी डेकवर जुनी सुती साडी टाकली आणि तो कपाटावर ठेवून दिला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मोबाइलवर उत्तर आलं. मी तर प्रश्नच विसरले होते. विशाखापट्टणमचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्या जहाजावर वेल्डिंगचं काम करायचे. उशीर झाला म्हणून माफी मागून त्यांनी लिहिलं होतं, की खळग्यांची जागा मला तोंडपाठ आहे, कारण त्यांतल्या अनेकांची दुरुस्ती मी केली. सोबत हातानं काढलेला आराखडा होता. साधा वहीचा कागद, पण काम नेटकं. अंतरं लिहिलेली, बाण बरोबर टोकाला टेकलेले. असा आराखडा पाहिला की मला माणूस खरा वाटतो.

लिफ्टच्या बाजूच्या एका खळग्यावर त्यांनी फुली मारली होती. खाली इंग्रजीत टीप होती: हा तुमच्या मॉडेलमध्ये दाखवू नका, यावर आम्ही पत्रा वेल्ड करून तो कायमचा बंद केला. खराब समुद्रात याची दांडी साखळीच्या हुकासकट उपटून आली होती, विमान फिरलं आणि एका खलाशाचा पाय जायबंदी झाला.

मी ती टीप उभ्यानं वाचली, मग खुर्चीवर बसून वाचली. हुकासकट. हूक दांडीतच होता. दांडी हुकात अडकून बाहेर आली, तर हूक बंद असणार. भाऊला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. कारण मनात आलं, हा दुसराच अपघात असेल तर? हे गृहस्थ ऐकीव सांगत असतील तर? उगीच आशा लावून ती पुन्हा काढून घ्यायची, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

आधी त्या गृहस्थांना फोन केला. त्यांचं हिंदी तेलुगू वळणाचं, माझं नागपुरी, पण जमलं. साल विचारलं. पावसाळा होता का, वेळ कोणती, विमान कोणतं, कुठल्या अंगाची साखळी. ते शांतपणे एकेक सांगत गेले आणि सगळं जुळत गेलं. मग मी विचारलं, "हूक उघडा होता का?"

"नहीं मॅडम. हुक बंद था," ते म्हणाले. "रॉड का टुकड़ा उसके अंदर था. मैंने अपने हाथ से निकाला. अंदर से आधा सड़ा हुआ था."

बाहेरून रंग, आतून गंज. खाऱ्या हवेत असं होतं, वरून कोणाला दिसलं नसतं, असं ते म्हणाले. त्यांनी विचारलं, मॅडम, आपको ये सब क्यों चाहिए? मी म्हटलं, तो हूक माझ्या भावानं लावला होता. ते लगेच म्हणाले, "उनसे मेरी बात कराइए."

मी तशीच मोबाइलवरचा तो आराखडा घेऊन मानेवाड्याला गेले. भाऊ नुकताच आंघोळ करून देवापाशी उभा होता. मी त्याला बसवलं, मोबाइल हातात दिला आणि फुली दाखवली. त्यानं टीप वाचली. "हे कोण सांगून राहिलं?" एवढंच म्हणाला. मी फोन लावून स्पीकरवर ठेवला.

भाऊनं त्या गृहस्थांना हुकाबद्दल तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, न कंटाळता. चौथ्यांदा भाऊनं विचारलं, "पक्का?" ते म्हणाले, "साब, मेरे हाथ में था."

फोन ठेवून भाऊ वहिनीकडे वळला. तिला म्हणाला, "मंग मी लावला होता."

"हाव," वहिनी म्हणाली. "लावलाच असन तुम्ही."

तो उठून मागे मोरीवर गेला. नळ बराच वेळ चालू राहिला. परत आला तेव्हा चेहरा ओला होता, शर्टाची कॉलर भिजली होती. वहिनीनं टॉवेल दिला. त्यानं तोंड पुसलं आणि चहा मागितला. चहा पिता पिता मात्र तो चिडला. मी त्याला इतकं चिडलेलं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "एका माणसानं सांगितलं असतं तर काय झालं असतं? एका माणसानं? अडतीस वर्षं!" त्यानं कप आदळला. वहिनी म्हणाली, "ओरडा, ओरडा. बरं वाटन." मग तिलाच रडू फुटलं आणि भाऊला चिडणं सोडून तिची समजूत घालावी लागली.

मला वाटलं, आता सगळं मिटलं. पण दोन दिवसांनी विशाखापट्टणमहून भाऊच्या त्या सोबत्याचा फोन नंबर आला. जुन्या खलाशांपैकी कोणाकडून तरी त्या गृहस्थांनी तो मिळवला होता. भाऊ नंबर पाहून म्हणाला, "हूक लावला होता, मान्य. पण पत्र नाई लिहिलं, ते तर मीच नाई लिहिलं ना?" आणि तो नंबर खिशात घेऊन आठ दिवस फिरला.

गुरुवारी तो माझ्याकडे आला. "तुझ्यासमोर लावतो," म्हणाला. मी फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून एक मोठा, जाडा आवाज आला. भाऊनं जहाजाचं नाव सांगितलं, मग स्वतःचं. तो आवाज ओरडला, "अरे नागपूरवाले! तू जिंदा है?"

भाऊ खुर्चीत मागे टेकला. त्यानं पायाचं विचारलं तर तो माणूस म्हणाला, पाय आहे की जागेवर, तीन बोटं गेली, बूट वेगळा करून घ्यावा लागतो आणि थंडीत ठणकतं. पाय कापला असं कोण म्हणालं? नोकरी सुटल्यावर त्यानं गावात शाळेत पोरांना कवायत शिकवली, कित्येक वर्षं. भाऊनं दांडीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला ते दवाखान्यातच सांगितलं होतं, तुला नव्हतं सांगितलं? भाऊनं डोळे मिटून घेतले.

मग भाऊ अडखळत म्हणाला की मी तुला पत्र लिहिलं नाही. "हाँ," तो आवाज एकदम खाली आला. "पैर का कभी ग़ुस्सा नहीं किया मैंने. चिट्ठी का किया. बहुत किया." भाऊनं माफी मागितली. साध्या शब्दांत, एकदाच. पलीकडून उत्तर आलं, की आता फोन केलास ना, मग झालं, आणि तुझ्या गावाला संत्री आली का अजून?

महिन्याभरात तो खरोखरच आला. बिलासपूरहून गाडीनं, एकटाच, पाठीवर पिशवी. उंच, टक्कल पडलेला, चालताना डाव्या अंगाला किंचित कललेला. भाऊ आणि तो स्टेशनवर भेटले तेव्हा मी नव्हते. ते दोघं माझ्याकडे आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते आणि दोघं स्टेशनबाहेरच्या पोह्यांबद्दल बोलत होते.

त्याला डेक पाहायचा होता. मी कपाटावरून काढला, साडी बाजूला केली. मधल्या दिवसांत मी त्या गृहस्थांच्या आराखड्याप्रमाणे खळगे पुन्हा पाडले होते, सगळे, अपघाताच्या आधी होते तसे. भाऊला विचारून. तो म्हणाला होता, "सगळे ठेव. झाकू नको." दोघं टेबलावर वाकले. पाहुण्यानं आधी धुराचे डाग पाहून मान डोलावली. मग म्हणाला, ही लिफ्टजवळची रेघ पिवळी होती. भाऊ म्हणाला, पांढरी. तो म्हणाला, पिवळी. सकाळपासूनच माझ्याकडे आलेली वहिनी आणि मी स्वयंपाकघरात वांग्याचं भरीत करत होतो, आणि बाहेर तासभर रेघेचा रंग चालू होता. भाऊला इतक्या मोठ्यानं हसताना ऐकून वहिनी हातातली पळी तशीच धरून थांबली.

"ऐकून राहिली का?" ती म्हणाली.

"हो."

जेवण झाल्यावर त्यानं निळ्या जॅकेटाचा एक छोटा माणूस उचलून विचारलं, हा कोण? मी म्हटलं, तुम्ही. त्यानं तो विमानापासून दूर, डेकच्या कडेला, जाळीपाशी ठेवला. "इधर हवा अच्छी आती थी," म्हणाला. भाऊनं दुसरा त्याच्या शेजारी ठेवला. मी नंतर दोघांनाही तिथेच चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याला गाडीत बसवून दिलं. भाऊला खालच्या बर्थखाली पिशवी ठेवायची घाई, आणि तो पाहुणा पिशवी हातातून सोडेना. गाडी हलली तशी त्यानं खिडकीतून हातानं एक खूण केली, दोन्ही मुठी बाजूला नेऊन उघडल्या. भाऊनंही तीच खूण केली. मी विचारलं, हे काय? "ठोकळे काढले, साखळ्या सोडल्या, विमान मोकळं झालं," भाऊ म्हणाला.

परतताना रिक्षात बसलो तेव्हा ऊन होतं. रामदासपेठेच्या सिग्नलला भाऊ काहीतरी सांगत होता, वाक्य अर्धं राहिलं. पाहते तर त्याला झोप लागली होती. मान माझ्या खांद्यावर आली. मी रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, जरा सावकाश घ्या, घाई नाही. त्यानं मागे वळून पाहिलं आणि गती कमी केली. घर येईपर्यंत भाऊ उठला नाही, आणि घर आल्यावरही मी थोडा वेळ त्याला उठवलं नाही.